भाव कळतो, पण मिळतो का?

कुंभकोणमजवळ कावेरीच्या काठी तिरुवलंचुळी हे गाव आहे. कावेरी येथे उजवीकडे वळते आणि त्यावरूनच गावाला हे नाव पडले, असे सांगतात. कुंभकोणम परिसरातील विड्याच्या पानाला २०२५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हदग्याच्या आधाराने चढणाऱ्या या वेलाला पाणी थोडे, पण वारंवार लागते. खुडलेले पान फार दिवस टिकत नाही. व्यापारी बागायतीच्या दोन्ही मुख्य गरजा या पानात दिसतात. पाणी वेळेवर हवे आणि बाजारही वेळेवर हवा. मोबाइल या दोहोंत कितपत साथ देतो?

पाण्याबाबत उत्तर सोपे आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणामुळे शेतातला पंप मोबाइलवरून चालू-बंद करता येतो. रात्री-अपरात्री वीज आली की अंधारातून विहिरीपर्यंत जाण्याची पायपीट टळते. येथे पंप शेतकऱ्याचा आणि निर्णयही त्याचाच. म्हणून लाभ थेट त्याच्या पदरात पडतो.

बाजाराचे तसे नाही. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल पोहोचला, तेव्हा निरनिराळ्या बाजारांतील मासळीच्या भावातली तफावत घटली आणि मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले, असे अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही भाव, हवामान आणि पीकसल्ला देणारी लघुसंदेश सेवा सुरू झाली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिंटन यांनी राज्यातील १०० गावांत तिचा परिणाम तपासला. डाळिंब, टोमॅटो, कांदा यांसारखी पिके त्यात होती. शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या भावात सरासरीने लक्षणीय फरक आढळला नाही.

असे का व्हावे? मच्छीमार होडीचे तोंड दुसऱ्या बंदराकडे वळवू शकतो. ज्या बागायतदाराने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आहे, ज्याच्याजवळ शीतगृह नाही आणि ज्याचा माल एका वाहनापुरताही भरत नाही, त्याला दूरच्या बाजारातील चढा भाव कळून उपयोग काय? माहिती मिळाली, तरी सौद्यातली ताकद मिळत नाही.

ती ताकद व्यवस्थेतून येते. ‘अपेडा’ने २००६ मध्ये उभारलेल्या ‘ग्रेपनेट’मध्ये निर्यातक्षम द्राक्षबागांची नोंदणी होते, नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जातात आणि परदेशी गेलेल्या पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. तेथे नोंदीला मोल आहे, कारण तिच्यामागे प्रयोगशाळा, नियम आणि खरेदीदार उभे आहेत.

केंद्राने २०१६ मध्ये ‘ई-नाम’ आणले, तमिळनाडूने २०१८ मध्ये ‘उळवन’ ॲप. दोन्ही उपक्रम स्वागतार्ह आहेत. पण पडद्यामागे प्रतवारी, साठवण, वाहतूक आणि वेळेवर पतपुरवठा नसेल, तर पडदा नुसताच उजळत राहील. ॲप किती जणांनी उतरवून घेतले याची आकडेवारी सरकारे हौसेने देतात. त्यापेक्षा पडेल भाव नाकारणे किती शेतकऱ्यांना शक्य झाले, हे मोजायला हवे.