आकाशातील सोळा तास

१९४८ साली जून महिन्याच्या ८ तारखेस ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ या कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे विमान मुंबईहून लंडनला जावयास निघाले. त्यात प्रवासी होते अवघे पस्तीस. वाटेत कैरो आणि जिनिव्हा येथे विसावा घेऊन ते १० तारखेस लंडनला पोहोचले. त्या काळी बोटीने विलायतेस जावयाचे म्हणजे सुमारे तीन आठवडे लागत. म्हणून हा दोन दिवसांचा प्रवास लोकांस मोठा चमत्कार वाटला. आज मुंबईहून निघालेले विमान मध्ये कोठेही न थांबता दहा तासांच्या आसपास लंडन गाठते. त्याहीपुढे, अटलांटिक महासागरापलीकडील न्यूयॉर्क शहर मुंबईपासून सुमारे १२,५०० किलोमीटर दूर आहे. तेथे एका दमात जावयाचे तर सोळा तासांच्या आसपास एकाच खुर्चीवर बसून राहावे लागते.

आता हा प्रवास केवळ मोठे व्यापारी आणि मुत्सद्दी करीत नाहीत. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेस निघालेल्या आजी मुंबईच्या विमानतळावर पुष्कळ वेळा दिसतात. त्यांच्यापैकी कित्येकींचा तो आयुष्यातील पहिलाच विमानप्रवास असतो, आणि तोही एकटीने करावयाचा! पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांची काळजी घरातील मोठी माणसे घेतात. परंतु त्या सोळा तासांत शरीराचे काय होते, हे मात्र आजींना कोणी नीट समजावून सांगत नाही. ते काम तुमच्यासारख्या नातवंडांनी अंगावर घ्यावयास काय हरकत आहे?

प्रथम सामानाकडे पाहू. आजींच्या बॅगेत डिंकाचे लाडू असतात, अळीव असतात, बाळंतशेपा असते आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही असतात. यांपैकी खोबरे विमानात नेण्यास मनाई आहे, हे ऐकून त्यांना नवल वाटेल. खोबऱ्यात तेलाचे प्रमाण फार असते. अशा तेलकट पदार्थाचा साठा आपोआप तापून पेट घेण्याचा संभव असतो, म्हणून हा नियम. मोबाइलसाठी विजेचा साठा करणारी ‘पॉवर बँक’ खाली मालाच्या कोठारात जाणाऱ्या बॅगेत ठेवता येत नाही. ती जवळच बाळगावी लागते. कोठारात ती पेटली तर ती विझवावयास तेथे कोण असणार? द्रव पदार्थांविषयी २००६ सालापासून कडक नियम झाले. परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला हातपिशवीत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली नेता येत नाही. तेव्हा लोणच्याची बरणी हातात घेऊन निघू नये. ती सुरक्षा तपासणीतच राहून जाईल.

औषधे मात्र हातपिशवीतच हवीत, आणि त्यांच्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठीही हवी. मोठी बॅग कधी कधी दुसऱ्याच गावी जाऊन पडते. रक्तदाबाची गोळी अशा बॅगेत असेल तर केवढी पंचाईत! मधुमेहाच्या रोग्याने तर इन्शुलिन घेण्याच्या वेळा कशा बदलावयाच्या, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे. कारण या प्रवासात रात्र कोठे संपते आणि दिवस कोठे सुरू होतो, याचा हिशेब साधा नसतो. जेवण शाकाहारी हवे असेल, अथवा विमानतळावर चालणे झेपत नसल्यामुळे चाकांची खुर्ची हवी असेल, तर तसे विमान कंपनीला आधीच कळवून ठेवावे लागते. ऐन वेळी मागितलेली वस्तू मिळेलच असे नाही.

विमान आकाशात चढले की ते सुमारे अकरा किलोमीटर उंचीवरून जाऊ लागते. कळसूबाईसारखी सहा शिखरे एकावर एक रचली, तरी ती या उंचीला पुरती पोहोचणार नाहीत. तेथे बाहेरचे तापमान शून्याखाली पन्नास अंशांहूनही अधिक उतरलेले असते. हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या पावपटीहूनही कमी असतो. अशा हवेत माणूस एखाद्या मिनिटाच्या आतबाहेरच भान हरपून बसेल. म्हणून बाहेरची विरळ हवा यंत्राने दाबून आणि योग्य तितकी गार करून आत सोडतात. तरीही आतला दाब जमिनीवरच्याइतका ठेवीत नाहीत. तसा ठेवला तर आतून पडणाऱ्या ताणामुळे विमानाची काया फार भक्कम, म्हणजेच फार जड करावी लागेल. यास्तव तडजोड म्हणून आतील हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितपत विरळ ठेवतात. महाबळेश्वर १,३७२ मीटर आणि कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे कल्पना येईल. प्रवासी बसलेला असतो मऊ खुर्चीवर. परंतु त्याचे शरीर मात्र कळसूबाईहून उंच अशा एखाद्या डोंगरावर असते!

दाबाच्या या फरकाचा पहिला अनुभव कानांना येतो. बोरघाटातून गाडी झपाट्याने चढताना वा उतरताना कानांत दडे बसतात, ते तुम्हांपैकी काहींनी अनुभवले असेल. कानाच्या पडद्यामागील पोकळीतून घशात उघडणारी एक बारीक वाट असते. तिला कंठकर्णनलिका म्हणतात. गिळताना किंवा जांभई देताना ती क्षणभर उघडते आणि आतला व बाहेरचा दाब सारखा होतो. विमान चढताना आतली हवा सहज बाहेर निसटते, परंतु ते उतरताना बाहेरची हवा आत शिरावयास अडखळते. म्हणून उतरताना आवळ्याची सुपारी किंवा लिमलेटची गोळी तोंडात ठेवून गिळत राहावे. लहान मूल त्या वेळी रडू लागले, तर त्याच्यावर रागावू नये. त्याचे कान दुखत असतात आणि गिळावे कसे हे त्याला सांगता येत नाही. त्याला दूध पाजले की बहुधा ते शांत होते. ज्याला सर्दी झाली आहे, त्याची ही नलिका सुजलेली असते. त्याने डॉक्टरांचा सल्ला घेऊनच निघावे.

दाब कमी झाला की वायू प्रसरण पावतो. वेफर्सची बंद पुडी विमानात टम्म फुगते, ती याच कारणाने. जे पुडीत होते, तेच पोटातही होते. म्हणून निघण्यापूर्वी उसळ, छोले अथवा सोड्याचे पेय यांवर ताव मारू नये. वरणभात किंवा दहीभात बरा. विमानातील अन्न अळणी लागते अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. त्यात स्वयंपाक्याचा दोष थोडाच! विरळ व कोरड्या हवेत नाकाला गंध नीट कळत नाही, आणि गंध गेला की चवही फिकी पडते.

ही कोरडी हवाच आजींच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. बाहेरच्या गोठणाऱ्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. त्यामुळे आतील हवेतील आर्द्रताही बहुधा वीस टक्क्यांहून कमी राहते. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत ती ऐंशी टक्क्यांच्या घरात असते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, घसा सुकतो. उपाय एकच, आणि तो अगदी साधा : थोडे थोडे पाणी पीत राहणे. परंतु येथेच घोडे अडते. आजी पाणी पीत नाहीत! पाणी प्यायले की उठावे लागणार. उठावयाचे तर शेजारी झोपलेल्या परक्या माणसाला जागे करावे लागणार. त्याच्याशी बोलावयाचे तर कोणत्या भाषेत? त्यातून त्या लहानशा स्वच्छतागृहाचे दार कसे उघडते, तेही ठाऊक नसते. अशा संकोचाने कित्येक वडीलधारी माणसे तासन्‌तास तहान मारून आणि पाय मुडपून एका जागी बसून राहतात. विमानाच्या हेलकाव्यांचीच लोकांना फार भीती वाटते. पण माझ्या मते त्या हेलकाव्यांपेक्षा हा संकोच अधिक घातक आहे.

तो घातक का, हे समजण्यासाठी पायांतील रक्त वर कसे चढते ते पाहिले पाहिजे. हृदय रक्ताला पायांपर्यंत ढकलते. पण ते पुन्हा वर आणण्याचे काम बरेचसे पोटरीच्या स्नायूंकडे असते. आपण चाललो की हे स्नायू आवळतात, आतील शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर सरकते. शिरांत बारीक झडपा असतात, त्या त्याला मागे फिरू देत नाहीत. माणूस तासन्‌तास हालचाल न करता बसला की हा पंप बंद पडतो. पाय सुजतात, वहाणा घट्ट होतात. एवढ्यावर भागले तर ठीक. परंतु क्वचित खोल शिरेत साकळलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकली तर प्राणावर बेतते. चार तासांहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले. निरोगी माणसाला तो मुळातच फार थोडा असतो, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि वृद्ध, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले व गरोदर स्त्रिया यांनी विशेष जपावे.

जपावयाचे म्हणजे काय करावयाचे? जागेपणी दर तासा-दोन तासांनी उठून मधल्या वाटेने एक फेरी मारावी. बसल्या जागी टाचा जमिनीला टेकवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकवून टाचा उचलाव्यात, घोटे गोल फिरवावेत. कपडे सैल असावेत, पायांत मोजे असावेत, आणि खुर्चीखाली पिशव्या कोंबून पायांची जागा अडवू नये. प्रवासानंतर एकच पाय सुजून दुखू लागला अथवा दम लागू लागला, तर ‘प्रवासाचा शीण असेल’ म्हणून स्वस्थ न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

आणि संकोच? त्यावरही तोड आहे. तिकीट काढतानाच आजींसाठी मधल्या वाटेच्या कडेची जागा मागून घ्यावी, म्हणजे उठताना कोणाची मनधरणी करावी लागत नाही. ज्याला झोपावयाचे आहे त्याने खिडकीची जागा घ्यावी; टेकावयास भिंतही मिळते. विमानातील सेवक-सेविकांना बोलावण्याचे बटण असते, ते दाबणे म्हणजे कोणास त्रास देणे नव्हे. प्रवाशांची विचारपूस करणे हे त्यांचे कामच आहे. ‘पाणी हवे’, ‘औषध घ्यावयाचे आहे’, ‘बरे वाटत नाही’ अशी चारदोन वाक्ये एका कागदावर मराठीत लिहून, समोर त्यांचे इंग्रजी लिहावे आणि तो कागद आजींच्या पिशवीत ठेवावा. स्वच्छतागृहाचे दार बहुधा मध्यावर दाबले की आत दुमडते, हेही सांगावे. आणखी एक लहानशी युक्ती : झोपताना खुर्चीचा पट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा. तो दिसला म्हणजे विमान हेलकावू लागले तरी पट्टा तपासण्यासाठी कोणी झोपमोड करीत नाही.

आता राहिला काळाचा प्रश्न. आपल्या शरीरात एक घड्याळ असते. भूक, झोप, शरीराची ऊब ही सर्व त्याच्या तालावर चालतात. हे घड्याळ पेशींच्या आत कसे चालते याचा शोध लावल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बोटीच्या काळी या घड्याळाची कुरकुर नसे. बोट पश्चिमेकडे जाऊ लागली की तिच्यावरील घड्याळे थोडी थोडी मागे करीत, आणि शरीरही तितक्याच सावकाशीने बदलत जाई. विमान तेवढी सवड देत नाही. १९३१ साली वायली पोस्ट आणि हॅरल्ड गॅटी या दोघांनी विमानातून नऊ दिवसांच्या आत पृथ्वीप्रदक्षिणा केली. पोस्टने या अडचणीची आधीच कल्पना करून निघण्यापूर्वी आपल्या झोपेच्या वेळा मुद्दाम मोडल्या होत्या.

न्यूयॉर्कचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या मागे साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असते. मे महिन्यात मुंबईहून पहाटे दोन वाजता निघालेले विमान सोळा तासांनी उतरते, तेव्हा मुंबईत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. न्यूयॉर्कला मात्र सकाळचे साडेआठ! शरीर म्हणते, ‘आता दिवेलागण झाली’. बाहेर तर सारा दिवस पुढे उभा. अशा वेळी आजींना गादीवर आडवे होण्याचा मोह पडतो. फारच शीण आला असेल तर अर्धा तास डोळे मिटावेत. पण उरलेला दिवस जागून, दुपारी व संध्याकाळी उजेडात फिरून, रात्र पडल्यावरच झोपावे. निघण्यापूर्वी तीन-चार दिवस रोज तासभर उशिरा झोपण्याची सवय केली तरी पुष्कळ साधते. पश्चिमेचा प्रवास पूर्वेच्या मानाने सोसतो, कारण आपल्या आतील घड्याळाचा दिवस बहुधा चोवीस तासांहून किंचित मोठाच असतो, आणि दिवस लांबविणे त्याला फारसे जड जात नाही.

तरीही पहिले काही दिवस आजींना पहाटे तीन वाजताच जाग येईल. घर निजलेले असेल, बाहेर काळोख असेल आणि त्यांना मात्र कडकडून भूक लागलेली असेल. बाळाच्या आईची झोप मोडू नये म्हणून त्या हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात जातील आणि डिंकाच्या लाडवांचा डबा उघडतील. मुंबईत त्या वेळी दुपारचे साडेबारा वाजलेले असतात; घरी जेवणाची पाने वाढून झालेली असतात.