परभणीचं विद्यापीठ: मूळ निजामाच्या काळात

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ म्हणणाऱ्यांनो, जरा आमच्या विद्यापीठाचं ऐका!

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. दापोलीचं कृषी विद्यापीठही त्याच दिवसाचं. पण परभणीत शेतीचं संशोधन त्याआधीपासून, निजामाच्या राजवटीतल्या प्रायोगिक शेतावर चालू होतं. १९५६ला इथे कृषी महाविद्यालय निघालं. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला. राहुरी, अकोल्याची कृषी विद्यापीठं झाल्यावर विद्यापीठासाठी आपला नंबर लागला, तोही ऐन दुष्काळाच्या साली.

पुढे गृहविज्ञान, अन्नतंत्र, उद्यानविद्या, कृषी अभियांत्रिकी अशी महाविद्यालयं वाढत गेली. पशुवैद्यकीय महाविद्यालय मात्र नंतर नागपूरच्या विद्यापीठाकडे गेलं, हे जरा खटकतंच. नाईकसाहेबांचं नाव २०१३ला लागलं.

माझ्या मते खरी शान वाणांची. ‘परभणी क्रांती’ भेंडी घ्या: पुसा सावनीचा रानटी जातीशी संकर करून केवडा रोगाला दाद न देणारा हा वाण तयार झाला आणि गावाचं नाव देशभरच्या बियाण्यांच्या पाकिटांवर गेलं. शिवाय ज्वारीत ‘परभणी मोती’, सोयाबीनमध्ये ‘एमएयूएस ७१’. यातला ‘एमएयू’ म्हणजे विद्यापीठाचंच जुनं इंग्रजी नाव, मराठवाडा अ‍ॅग्रिकल्चरल युनिव्हर्सिटी!