चौदा हजार टनांची उसनवारी

लक्ष्मीपूजनासाठी चांदीची भांडी कपाटातून बाहेर निघाली, की आमच्या घरी कोणी ना कोणी चांदीचा भाव काढतोच. गेल्या दिवाळीत पुतण्याने मात्र निराळाच प्रश्न टाकला. "काका, चांदी इतकी महाग होते, कारण ती सगळी शस्त्रास्त्रांत जाते म्हणे. खरं का हो?"

प्रश्न पोरकट नाही. वीज वाहून नेण्यात चांदीचा हात धरणारा दुसरा धातू नाही. तांब्याचा नंबरसुद्धा तिच्या मागे लागतो. त्यामुळे जिथे वीज क्षणाचाही दगा न देता वाहिली पाहिजे, तिथे चांदीला मान मिळतो. लढाऊ यंत्रांतल्या खटक्यांची टोके चांदीची असतात, धातूचे पक्के सांधे जोडायला चांदीचे डाक वापरतात. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतील बेअरिंगांवर चांदीचा मुलामा असे. पाण्याखालून धावणाऱ्या काही पाणतीरांना तर चांदी आणि जस्त यांच्या बॅटऱ्याच पळवतात, कारण थोड्या वजनात इतकी ताकद देणाऱ्या बॅटऱ्या फार थोड्या.

परंतु एका शस्त्रामागे किती चांदी उभी राहू शकते, याचा तोळ्यातोळ्याचा हिशेब मागाल, तर मी आपल्याला १९४२ सालच्या अमेरिकेत नेईन. ते शस्त्र म्हणजे अणुबाँब. आणि मौज अशी, की त्या बाँबमध्ये ही चांदी नव्हतीच!

खाणीतून निघणाऱ्या युरेनियममध्ये बाँबला उपयोगी असा भाग शेकडा एकाहूनही कमी, जेमतेम ०.७ टक्के. उरलेला सारा त्याचा जुळा भाऊ. गुणधर्म तेच, फक्त वजनाने किंचित जड. हे जुळे वेगळे कसे करायचे? कॅलिफोर्निया विद्यापीठातील अर्नेस्ट लॉरेन्स यांनी चुंबकाचा मार्ग काढला. युरेनियमचे विद्युतभारित कण चुंबकाच्या क्षेत्रातून सोडले, की हलका कण जास्त वळतो, जड कण कमी वळतो. वळणाच्या शेवटी दोन वेगळ्या पेट्या ठेवल्या, की काम झाले. सांगायला सोपे, पण त्यासाठी टेनेसी राज्यातील ओक रिज येथे जे चुंबक उभारायचे होते, ते अगडबंब होते, आणि त्यांच्या वेटोळ्यांना हजारो टन तांबे हवे होते. तांबे तर काडतुसांत आणि तोफगोळ्यांत चालले होते. मग तांब्याच्या जागी चांदी!

ऑगस्ट १९४२ मध्ये कर्नल केनेथ निकोल्स हे अर्थखात्याचे वरिष्ठ अधिकारी डॅनिएल बेल यांच्याकडे गेले आणि पाच ते दहा हजार टन चांदी पाहिजे म्हणाले. बेलसाहेबांनी त्यांना थंडपणे ऐकवले, की आमच्या खात्यात चांदी टनांनी मोजत नाहीत, औंसांनी मोजतात. आपल्याकडचा एखादा जुना सराफ असता, तर त्यानेही हेच नसते का सांगितले? कोणी "पोतंभर सोनं द्या" म्हणत दुकानात शिरले, तर ऐकणारा गिऱ्हाइकाकडे जरा संशयानेच बघणार.

तरी सौदा झाला. अट एकच: चांदी उसनी, मालकी खजिन्याचीच. न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंटच्या कोठारातून चार लाखांहून अधिक लगडी बाहेर पडल्या, प्रत्येक सुमारे ३१ किलोची. एकूण भरती १४,७०० अमेरिकन टनांची. आपल्या मापाने सुमारे १३,३०० मेट्रिक टन. तोळ्यांत सांगायचे तर जवळजवळ ११४ कोटी तोळे! न्यू जर्सीत त्या लगडी वितळवून ठोकळे ओतले, त्यांच्या लांब पट्ट्या काढल्या, आणि मिलवॉकीच्या कारखान्यात त्या पट्ट्या चुंबकांभोवती गुंडाळल्या.

गृहिणींना यापुढचा भाग विशेष आवडेल. चांदी कापताना-घासताना उडालेला कीस खाली कागद पसरून गोळा करीत. कामगारांच्या कपड्यांवरची धूळसुद्धा जपून झाडून घेत. काम संपल्यावर भट्ट्या मोडल्या आणि यंत्रांखालच्या लाकडी फळ्या जाळून राखेतली चांदी काढली. सोनाराच्या दुकानातली झाडलोट विकत घेणारे झारेकरी आपल्याला ठाऊक आहेत. इथे एक बलाढ्य सरकारच झारेकरी झाले होते.

हिशेब चोख राहिला. युद्ध संपले, चुंबक मोडले, चांदी परत जाऊ लागली. शेवटची खेप १ जून १९७० रोजी पोचली. एकूण तूट भरली शेकडा ०.०३६, म्हणजे दहा हजार तोळ्यांमागे साडेतीन-पावणेचार तोळे. एवढी घट तर आपल्या पाटल्या मोडून नव्या घडवतानाही सहज येते.

याच चांदीच्या साठ्याशी आपलाही एक धागा जुळला आहे. १९४४ मध्ये अमेरिकेने युद्धकाळच्या उसनवारीच्या कराराखाली हिंदुस्थानला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली. आपल्या आजीच्या पेटीतला राणीछाप रुपया वजनाला बरोबर एक तोळा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ मध्ये रुपया निकेलचाच झाला. अमेरिकेचे ते देणे फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान यांच्यात वाटले गेले. ते फेडण्यासाठी आपण ते निम्म्या चांदीचे रुपये परत गोळा केले आणि कलकत्त्याच्या अलिपूर टाकसाळीत वितळवून त्यांतली चांदी शुद्ध केली. किराणा, शाळेची फी, लग्नातला आहेर असे हजार व्यवहार पाहिलेली ती नाणी अखेर लगडी होऊन कर्ज फेडायला गेली.

पुतण्याला मी एवढे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चांदी वाया गेलीच नाही!" धातूपुरते ते खरे आहे. पण त्या चुंबकांनी वेचलेल्या युरेनियमचे काय झाले? ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बाँबमध्ये ते सुमारे ६४ किलो होते, आणि त्यातले जेमतेम किलोभरच प्रत्यक्ष फुटले. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत त्या शहरात सुमारे १ लाख ४० हजार माणसे मरण पावली, असा अंदाज आहे. ओक रिजला यंत्रांच्या खुंट्या फिरवणाऱ्या बहुतेक तरुण मुलींना आपण काय करतो आहोत, हे बाँब पडेपर्यंत ठाऊक नव्हते.

चांदी निर्दोष असते. ती निरांजनात ज्योत धरते तशीच चुंबकात वीज वाहते, आणि मागाल तेव्हा, फळ्या जाळूनसुद्धा, परत मिळते. मला राहून राहून एवढेच वाटते, की ज्यांनी चिमूटभर कीस वाया जाऊ दिला नाही, त्यांच्या वहीत खर्चाची दुसरी बाजू लिहायला रकानाच नव्हता. चांदीचे औंस मोजणारी माणसे होती; त्या शहराची माणसे मोजायची पाळी मात्र नंतर आली.