काइबाउक आणि बेलाक : तिमोरच्या राजघराण्यांची चांदी

तिमोर बेटाच्या पूर्व भागातील राजे, ज्यांना तेतुम भाषेत ‘लिउराई’ म्हणतात, आणि त्यांचे सरदार समारंभप्रसंगी जे अलंकार धारण करीत, त्यांत कपाळावर बांधावयाचे ‘काइबाउक’ आणि छातीवर रुळणारी ‘बेलाक’ नावाची गोल चकती हे दोन प्रमुख होत. चांदीच्या पातळ पत्र्याचे काइबाउक मध्यभागी रुंद असून दोन्ही टोकांकडे निमुळते होत वर वळते. हा आकार रेड्याच्या शिंगांचा आहे, आणि ज्या समाजात श्रीमंती म्हशींच्या संख्येवर मोजली जाई, तेथे राजाच्या मस्तकी शिंगे चढावीत हे ओघानेच आले. पत्र्याच्या कडेने ठिपक्यांच्या व रेषांच्या ओळी ठोकून उठवलेल्या असतात आणि टोकांजवळच्या दोरीने तो डोक्याच्या वस्त्रावर आवळला जातो.

ही चांदी बेटावर आली ती मुख्यतः नाण्यांच्या रूपाने. चंदनाच्या मोबदल्यात मिळालेली परदेशी नाणी मुशीत वितळवून त्यांचे दागिने घडवले जात, म्हणजे व्यापाऱ्याचे चलन येथे कुळाची ठेव बनत असे. घडणावळीच्या कामात रोटे बेटाशेजारच्या चिमुकल्या न्दाओ बेटावरील सोनार विशेष नावाजलेले होते. कोरड्या ऋतूत ते हत्यारे घेऊन तिमोर आणि आसपासच्या बेटांवर गावोगाव हिंडत.

पोर्तुगीज तिमोर 1844 पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत होते, ही गोष्ट आपल्याकडील इतिहासलेखनात क्वचितच येते. 1702 साली लिफाऊ येथे उतरलेला गव्हर्नर आंतोनियु कुएल्यु गेर्रैरु याने लिउराईंना लष्करी हुद्दे बहाल केले. ते त्यांनी स्वीकारले, पण त्यापायी काइबाउक उतरवले नाही.

या अलंकारांचे मोल वजनावर ठरवणे ही मोठीच चूक ठरेल, कारण विवाहप्रसंगी होणाऱ्या ‘बार्लाके’ या देवघेवीत वरपक्ष म्हशींबरोबर बेलाकही देतो, वधूपक्ष ‘ताइस’ हे हातमागाचे वस्त्र देतो, आणि त्यातून दोन कुळांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाते बांधले जाते. जुने डाग ‘उमा लुलिक’ या पवित्र कुलगृहात ठेवले जात. 1975 ते 1999 या इंडोनेशियन ताब्याच्या काळात अशी अनेक घरे जळाली.

आज सरकारी पाहुण्यांच्या कपाळी बांधले जाणारे काइबाउक बहुधा साध्या पत्र्याचे असते, तर जे जुने रुपेरी नग उरले, ते कोणा एकाच्या मालकीचे नसून कुळाचे मानले जातात.