बँकेत घेतलं म्हणजे विमा आहेच, असं नाही

मुंबई सेंट्रल स्थानकासमोर रिझर्व्ह बँकेची इमारत आहे. टपालाच्या पत्त्यात ती भायखळ्याची. ठेव विमा आणि पतहमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, तिथून चालतं. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार हवालदिल झाले, आणि १९६२ पासून देशात बँक ठेवींना विमा सुरू झाला. तेव्हा संरक्षण १,५०० रुपयांचं होतं. १९९३ मध्ये ते १ लाखावर गेलं आणि फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झालं.

हे ५ लाख खात्यामागे आहेत, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात ते एका बँकेतल्या एका ठेवीदाराला मिळून आहेत, मुद्दल आणि व्याज धरून. लालबागच्या शाखेत ४ लाख आणि परळच्या शाखेत ३ लाख ठेवले, बँक एकच असली, तर ७ पैकी ५ लाखांनाच विमा. दोन वेगळ्या बँकांत ठेवले असते तर सगळ्या रकमेला मिळाला असता. पत्नीबरोबरचं संयुक्त खातं मात्र वेगळं मोजतात.

‘विमा असला तरी पैसे हातात पडेपर्यंत वर्षं जातात,’ हेही ऐकू येतं. पूर्वी ते खरं होतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध आणले की साधारण ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. बँक वाचवण्याचे प्रयत्न चालू असतील तर ही मुदत वाढू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रभादेवीच्या न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि तिजोरीतल्या १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला, तेव्हा शाखांबाहेर रांगा लागल्या. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. निर्बंध आल्यावर बँकेकडे विम्यासाठीचं संमतीपत्र आणि कागदपत्रं मुदतीत देणं ठेवीदाराच्याच हातात असतं. ते राहिलं तर पैसेही लांबतात.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पतसंस्थांच्या ठेवीदारांची. पासबुक तसंच, काउंटर तसाच, रोज संध्याकाळी दुकानात येऊन पिग्मी गोळा करणारा एजंट ओळखीचा, आणि व्याज बँकेपेक्षा टक्का-दोन टक्के जास्त. लोक सहज म्हणतात, ‘आमच्या बँकेत’. पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि तिच्या ठेवींना भायखळ्याचा हा विमा लागू नाही, एका रुपयालाही नाही. अनेक पतसंस्था चोख चालतात, हे खरं. तरी निवृत्तीची सगळी पुंजी तिथे ठेवणाऱ्याला ही गोष्ट आधी कळायला हवी, आणि ती सांगण्याची जबाबदारी ठेव घेणाऱ्याची आहे. कोणत्या बँकांना विमा आहे याची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे. कंपन्यांच्या मुदत ठेवीही या विम्यात बसत नाहीत.

बँकेच्या शाखेत बसून सही केलेला प्रत्येक कागद ठेवीचा असतो, हा गैरसमज तर फारच महाग पडला आहे. येस बँकेचे ‘एटी-१’, म्हणजे बँक अडचणीत आली तर रद्द करता येणारे, रोखे मार्च २०२० मध्ये शून्य करण्यात आले. रक्कम होती ८,४१५ कोटी. त्याआधी हे रोखे साध्या खातेदारांनाही विकले गेले होते. बाजार नियामक सेबीच्या २०२१ च्या आदेशात म्हटल्याप्रमाणे काहींनी मुदत ठेव मोडून पैसे त्यात घातले, आणि ठेवीइतकंच सुरक्षित असल्यासारखं ते विकलं गेलं, असा सेबीचा आक्षेप होता. बँकेने त्या आदेशाविरुद्ध अपील केलं. दरम्यान, ऑक्टोबर २०२० पासून सेबीने अशा रोख्यांची किमान रक्कम १ कोटीवर नेली. आजही मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला गेलेल्या ज्येष्ठांच्या हाती विमा पॉलिसी पडते. तसं झालंच तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

‘शेअर डीमॅटमध्ये आहेत, ब्रोकर काय करणार?’ कार्वी या ब्रोकरच्या ग्राहकांनाही असंच वाटत होतं. मुखत्यारपत्राचा वापर करून ग्राहकांचे शेअर तारण ठेवले गेले आणि त्यावर कर्जं उचलली गेली. सेबीने २२ नोव्हेंबर २०१९ रोजी कारवाई केली. त्यानंतर नियम बदलले. आता तारण ठेवायला ग्राहकाच्या मोबाइलवर आलेला ओटीपी लागतो. म्हणून आपले शेअर जिथे नोंदलेले असतात त्या डिपॉझिटरीकडे, लोअर परळच्या सीडीएसएलकडे असो की एनएसडीएलकडे, आपलाच नंबर आणि आपलाच ईमेल नोंदला आहे ना, हे पाहा. तिथे दुसऱ्याचा नंबर असेल, तर आपल्या खात्यातल्या व्यवहाराचा ओटीपी त्याच्या हातात जातो. दर महिन्याचं विवरणपत्र ब्रोकरच्या ॲपवर नव्हे, डिपॉझिटरीकडून आलेलं वाचा.

शेअर बाजाराचा गुंतवणूकदार संरक्षण निधी बाजारातलं नुकसान भरून देतो, असं मात्र समजू नका. शेअर बाजाराने ब्रोकरला ‘डिफॉल्टर’ ठरवलं तरच त्याचा उपयोग, तोही मर्यादेत. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांना तोटा झाला, असं सेबीचा अभ्यास सांगतो. तो पैसा कुठल्याही निधीतून परत येत नाही. ब्रोकरच्या माणसाने ‘तुमचं खातं मी चालवतो, महिन्याला इतके टक्के नक्की’ असं सांगितलं, तर ते बोलणंच नियमाविरुद्ध आहे.

कंपनी नोंदलेली आहे, जीएसटी क्रमांक आहे, शोरूम झगमगीत आहे, हेही परवाना असल्याचा पुरावा नव्हे. दादरच्या टोरेस या कंपनीच्या शोरूममध्ये हे सगळं होतं. दर आठवड्याला परतावा मिळेल म्हणून भाजी विकणाऱ्यांनीही तिथे पैसे घातले, आणि जानेवारी २०२५ मध्ये बंद दारासमोर गर्दी जमली.

ब्रोकरविरुद्ध तक्रार आधी त्याच्याकडेच लेखी करा आणि पोच ठेवा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर सेबीच्या ‘स्कोअर्स’वर नोंदवा. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत ती नोंदवावी लागते, आणि त्यानंतर संबंधिताला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बँकेबद्दलची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेता येते. दोन्हीकडे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.