कागद सांभाळण्याचा पेशा : रेकॉर्ड मॅनेजमेंटमध्ये करिअर कसं करायचं?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. दुकानातला माल किती गेला याचा हिशेब नंतर लागला. पण चिखलात गेलेली खरेदीखतं, हिशेबाच्या वह्या, जुन्या फाइली यांची किंमत आकड्यात सांगता येत नाही. कुठला कागद कुठे आहे, त्याची दुसरी प्रत आहे का, पूर किंवा आग आली तर आधी काय वाचवायचं, हे आधीच ठरवून ठेवणारा माणूस प्रत्येक मोठ्या संस्थेला लागतो. त्याच्या कामाला म्हणतात रेकॉर्ड मॅनेजमेंट, म्हणजे अभिलेख व्यवस्थापन.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुला-मुलींना या पेशाची फारशी माहिती नसते. खरं तर कोकणातली माणसं आखातात हे काम 'डॉक्युमेंट कंट्रोलर' या नावाने करत आली आहेत.

काम नेमकं काय?

एखाद्या रिफायनरीच्या किंवा इमारतीच्या प्रोजेक्टवर हजारो ड्रॉइंग असतात. एकाच ड्रॉइंगच्या दुरुस्त्या होत जातात. साइटवर जुनी प्रत राहिली तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते, मग ती पाडावी लागते. म्हणून प्रत्येक ड्रॉइंगला नंबर देणं, नवी आवृत्ती कुणाला कधी पाठवली याची नोंद ठेवणं आणि जुनी प्रत मागे घेणं हे डॉक्युमेंट कंट्रोलरचं काम.

रेकॉर्ड मॅनेजर याच्या एक पायरी पुढे जातो. कुठला कागद किती वर्षं ठेवायचा, कुणाला बघायला द्यायचा, कधी आणि कसा नष्ट करायचा, हे तो ठरवतो. आपल्या सरकारी कार्यालयांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. 'अ' वर्गातले कागद कायम ठेवायचे, 'ड' वर्गातले वर्षभरानंतर काढता येतात. खासगी कंपन्यांतही असंच वेळापत्रक लागतं. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं किमान आठ वर्षं जपावी लागतात.

कायद्यामुळे मागणी

केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा आहे. सरकारी रेकॉर्ड नियम सोडून नष्ट केलं तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम २००५ चा. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने रेकॉर्ड सूची करून, नीट लावून ठेवलं पाहिजे. हॉस्पिटलचं बघा : दाखल रुग्णाचे कागद तीन वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. म्हणूनच मोठ्या हॉस्पिटलांत वेगळा मेडिकल रेकॉर्ड विभाग असतो. शिकलेल्या पण जिल्ह्याबाहेर जाऊ न शकणाऱ्या आपल्या मुलींसाठी हा मार्ग विचार करण्यासारखा आहे.

सर्टिफिकेट कुठली, कुणासाठी?

*बारावी झालेल्यांसाठी :* एमएस-सीआयटी, मराठी-इंग्रजी टायपिंग आणि एक्सेल पक्कं करा. सोबत पदवी चालू ठेवा, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक पायरीवर पदवी विचारली जाते. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकात कागदपत्रांवरच्या नियंत्रणाचा स्वतंत्र भाग आहे, तो समजून घेतला तर कारखान्यातल्या मुलाखतीत उपयोगी पडतो. लोटे एमआयडीसीपासून जयगड बंदरापर्यंत आपल्याच जिल्ह्यात असे उद्योग आहेत.

*पदवीधरांसाठी :* ग्रंथालय शास्त्राची पदवी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून घरी राहून करता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'स्कूल ऑफ आर्कायव्हल स्टडीज' एक वर्षाचा डिप्लोमा आणि काही आठवड्यांचे छोटे कोर्स घेतं. त्यात रेकॉर्ड मॅनेजमेंट आहे, कागदांची दुरुस्ती आणि जतनही आहे. डिप्लोमासाठी पदव्युत्तर शिक्षण लागतं. अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचूनच अर्ज करा.

*नोकरीत असलेल्यांसाठी :* अमेरिकेतल्या 'इन्स्टिट्यूट ऑफ सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर्स' या संस्थेची सीआरएम ही या क्षेत्रातली जुनी, मान्यताप्राप्त पात्रता आहे. संस्था १९७५ ची. परीक्षेचे सहा भाग : पहिले पाच वस्तुनिष्ठ, सहाव्यात प्रत्यक्ष प्रसंग देऊन लेखी उत्तर मागतात. बसण्याआधी शिक्षण आणि कामाचा अनुभव दाखवावा लागतो. सगळं एकदम झेपत नसेल तर दुसरा, तिसरा आणि चौथा भाग पास करून 'सर्टिफाइड रेकॉर्ड्स ॲनालिस्ट' होता येतं, उरलेले भाग नंतर. सर्टिफिकेट टिकवण्यासाठीही दर पाच वर्षांत १०० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. फी डॉलरमध्ये असते, म्हणून पैसे भरण्याआधी अनुभवाची अट आपण पूर्ण करतो का ते संस्थेकडूनच पक्कं करून घ्या. डिजिटल बाजूकडे जायचं असेल तर 'एआयआयएम' संस्थेची सीआयपी परीक्षा आहे.

आखातात पाच-सात वर्षं डॉक्युमेंट कंट्रोलर म्हणून काढलेल्या माणसाने सीआरएमचा जरूर विचार करावा. अनुभव हातात असतो, पण वरच्या पदासाठी कागदावर काही नसतं, अशी त्यांची अडचण असते.

उर्दू आणि मोडी : आपली जमेची बाजू

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली. मराठवाड्यातलं निजामकाळातलं रेकॉर्ड उर्दूत, इतर ठिकाणचं मोडीत. ते वाचणाऱ्या माणसांची गरज तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आली. उर्दू शाळेत शिकलेल्या मुलाने मोडी शिकली तर त्याच्याकडे दोन्ही किल्ल्या येतात. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं.

सांभाळून

नुसत्या सर्टिफिकेटवर नोकरी लागत नाही, अनुभव सोबत लागतोच. "कोर्स करा, आखातातली नोकरी पक्की" असं कुणी सांगितलं तर तो एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते आधी बघा. दाखला, आधार आणि पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग आत्ताच जुळवून घ्या. पदवीच्या प्रमाणपत्राचं साक्षांकन करताना हीच गोष्ट आडवी येते.

सुरुवात मोहल्ल्यातून

व्यवहार लिहून ठेवा, हे सांगणारी सूरह बकरामधली आयत कुरआनातली सर्वांत मोठी आयत आहे. तरी किती जमातींचे कागद आज एखाद्या ट्रंकेत, नाहीतर कुणाच्या तरी घरी असतात! केंद्र सरकारने ६ जून २०२५ रोजी 'उम्मीद' पोर्टल सुरू करून वक्फ मालमत्तेच्या नोंदीसाठी सहा महिन्यांची मुदत दिली. अशा वेळी कागद लावलेले असतील तर काम दिवसांत होतं, नसतील तर महिने जातात.

या पेशात यायचंय अशा मुला-मुलींनी जमातीच्या ट्रस्टींची परवानगी घ्यावी आणि चार गोष्टी कराव्यात : प्रत्येक कागदाला नंबर, एक सूची, स्कॅन केलेली प्रत, आणि ती प्रत दुसऱ्या उंच, कोरड्या जागी. ट्रस्टींकडून त्या कामाचं पत्रही घ्यावं. नोकरीच्या पहिल्या अर्जाला ते जोडता येईल, आणि पुढच्या पावसाळ्यात जमातीचे कागद कोरडे राहतील.