गल्ला भरला, पण नफा झाला का?



आपण मुलांकडून स्वमूल्यमापनाचे तक्ते भरून घेतो. पण घरच्या छोट्या धंद्याचं असं मूल्यमापन आपण कधी करतो का? संध्याकाळी गल्ला मोजायचा आणि 'आज चांगला धंदा झाला' म्हणायचं, एवढ्यावरच बहुतेकांचा हिशोब संपतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका जोडप्याचं पोळी-भाजी केंद्र आहे. रोज ६० डबे, डब्याला ५० रुपये. म्हणजे विक्री ३००० रुपये. पीठ, तेल, भाजी, गॅस मिळून खर्च १९०० रुपये. नफा ११०० रुपये? जरा थांबा. दोघं पहाटेपासून राबतात. हेच काम माणसं लावून करून घेतलं असतं, तर प्रत्येकी ४०० धरून ८०० रुपये मजुरी गेली असती. उरले ३००. त्यात रोज चार डबे उधारीवर जातात आणि ते पैसे येतीलच याची खात्री नाही. ते २०० वजा केले, तर हातात उरले फक्त १००!

हा आकडा पाहून वाईट वाटेल, पण वाट यातूनच सापडते. उधारी थांबवायची, की डब्याचा भाव ५ रुपयांनी वाढवायचा, हा विचार आता तरी सुरू होईल.

लिज्जत पापडची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन हे काम सुरू केलं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत. हलका पापड स्वस्तात विकत. छगनलाल पारेख यांनी त्यांना सांगितलं, की पापड एकाच चांगल्या प्रतीचा करा आणि हिशोब चोख ठेवा. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून काम चार महिने बंद राहिलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! पावसाला बोल लावत बसण्यापेक्षा आपल्या कामात काय कमी आहे, हे त्यांनी पाहिलं.

धंदा करणाऱ्याने महिन्यातून एकदा स्वतःला हे प्रश्न विचारावेत:

१. माझ्या कष्टाची मजुरी मी हिशोबात धरली का?
२. घरखर्चासाठी गल्ल्यातून किती काढले, ते लिहिलं का?
३. कोणतं गिऱ्हाईक यायचं थांबलं? का?
४. यात माझी चूक किती?

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही!

शिक्षकांनी नफा-तोटा शिकवताना वरचं उदाहरण जरूर घ्यावं. मात्र मुलांना स्वतःच्या घरचे आकडे वर्गात सांगायला लावू नये. दुकान काल्पनिकच असावं. पालकांनी मात्र घरी वही उघडून मुलांना शेजारी बसवावं. आई-बाबा स्वतःची चूक मान्य करतात, हे मुलांनी पाहिलं, की वेगळा पाठ द्यावा लागत नाही.